शब्दामागची बाजू

परभाषेतील शब्द अडला की आपण शब्दकोश उघडतो. कोशातील अर्थ आवश्यक असतो. परंतु तेवढ्याने शब्द कळतोच असे नाही. 'म्युटिनी' हा इंग्रजी शब्द पाहा. सैनिकांनी किंवा खलाशांनी वरिष्ठांची सत्ता झुगारणे, हा त्याचा कोशातील अर्थ. मराठीत त्यासाठी आपण 'बंड' म्हणतो.

२९ मार्च १८५७ रोजी कोलकात्याजवळील बराकपूरच्या छावणीत मंगल पांडे या शिपायाने इंग्रज अधिकाऱ्यांवर शस्त्र उगारले. ८ एप्रिल रोजी त्यांना फाशी देण्यात आली. मे महिन्यात मेरठ येथे उठाव झाला आणि तो उत्तर भारतात पसरला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि असंख्य सामान्य माणसे त्यात उतरली. ही मंडळी कंपनीच्या लष्करातील नव्हती. तरीही इंग्रजांनी साऱ्याच लढ्याला 'म्युटिनी' म्हटले. कारण उघड आहे. बंडखोर हा गुन्हेगार ठरतो. 'युद्ध' म्हटले, तर समोरच्याचीही काही बाजू आहे, हे मान्य करावे लागते. पुढे वि. दा. सावरकरांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच लढ्याला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले.

माझ्या मते, बराकपूरच्या छावणीतील घटनेपुरता 'म्युटिनी' हा शब्द चालेल. झाशीच्या लढाईला मात्र तो तोकडा पडतो. म्हणून नवा शब्द वहीत उतरवताना त्याच्या अर्थाशेजारी दोन प्रश्नही लिहावेत : हा शब्द कोण वापरतो आणि कोणाविषयी वापरतो?