डेट्रॉइटच्या रस्त्यावरचा नाच

माझ्या पिढीतल्या अनेकांनी ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ हे गाणं आधी ऐकलं ते मिक जॅगर आणि डेव्हिड बोवी यांच्या तोंडून. १९८५ साली ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी केलेला तो व्हिडिओ अजूनही कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतंच. जगभर नाव झालेले, पैशाला तोटा नसलेले दोन गोरे गायक रात्रीच्या लंडनमध्ये उड्या मारताहेत, एकमेकांच्या अंगावर जाताहेत आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. बघायला धमाल येते, नाही असं नाही. पण रस्त्यावर या म्हणून साऱ्या जगाला साद घालणारं गाणं, आणि रस्ता ओस!

मूळ गाण्यातला रस्ता डेट्रॉइटचा, आणि तो माणसांनी भरलेला. कडक उन्हाळ्यात तिथल्या वस्त्यांमधली पोरं रस्त्याकडेचे अग्निशमन दलाचे नळ उघडून फवाऱ्याखाली हुंदडायची. ते दृश्य बघून गाणं सुचलं, असं मिकी स्टीव्हनसन सांगत आला. स्टीव्हनसन, मार्विन गे आणि आयव्ही जो हंटर या तिघांनी मिळून ते लिहिलं. रेकॉर्ड कंपनी अर्थात मोटाऊन. तिचा मालक बेरी गॉर्डी एके काळी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर कामाला होता, आणि १९५९मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने धंदा सुरू केला. गाणीही तो त्याच शिस्तीत काढायचा. शुक्रवारच्या बैठकीत तयार गाणी तपासली जायची, नापास झालेलं परत जायचं. माल काळ्यांच्या वस्तीत खपायला हवा आणि गोऱ्यांच्या दिवाणखान्यातही. त्यामुळे राजकारण वर्ज्य. याच गॉर्डीने मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३च्या जूनमधलं डेट्रॉइटचं भाषण रेकॉर्ड करून बाजारात आणलं होतं, हे मात्र विसरू नये. भाषण वेगळं, नाचाचं गाणं वेगळं, असा त्याचा सरळ हिशेब असावा.

गायिका मार्था रीव्ह्ज. जन्म अलाबामातला, तान्ही असतानाच घरचे उत्तरेला डेट्रॉइटला आले, तेव्हाच्या लाखो काळ्या कुटुंबांसारखे. मोटाऊनमध्ये ती गाण्याच्या चाचणीला म्हणून गेली ती भलत्याच दिवशी. तिथे फोन वाजत होते, ते घ्यायला बसली आणि सेक्रेटरीच होऊन गेली. गाण्याची पाळी आली ती त्यानंतर.

१९६४च्या जूनमध्ये हे गाणं तिच्यापुढे आलं. गेने नमुन्यादाखल गायलेलं होतं ते मवाळ, लाडिक. मला माझ्या पद्धतीने गाऊन बघू दे, म्हणाली. गायली, आणि झकास गायली. मग कळलं की टेप चालूच नव्हती. पुन्हा गावं लागलं. आज आपण ऐकतो ती ही दुसरी खेप, आणि तिच्यात पुन्हा गावं लागल्याची चीड चक्क ऐकू येते. शब्द आमंत्रणाचे आणि सूर हुकूम सोडल्यासारखा. ठेक्यासाठी हंटर लोखंडी पहार आपटत होता म्हणतात. हेडफोन लावून ऐकलं तर त्या ठेक्यात नाचापेक्षा कवायतीचाच भास जास्त होतो.

रेकॉर्ड बाजारात आली ३१ जुलै १९६४ला. त्या महिन्याकडे जरा निरखून पाहायला हवं. २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. दोनच आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये ड्यूटीवर नसलेल्या एका पोलिसाच्या गोळीने पंधरा वर्षांचा काळा मुलगा गेला आणि हार्लेम पेटलं. गाण्यात अमेरिकेतल्या शहरांची नावं एकामागून एक येतात: शिकागो, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि अर्थातच डेट्रॉइट. रेकॉर्ड येऊन महिना होत नाही तोच फिलाडेल्फियात दंगल उसळली. पुढे १९६८च्या एप्रिलमध्ये किंग यांची हत्या झाल्यावर शिकागो, वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरही पेटली. लिहिणाऱ्यांनी ही नावं जिथे रेकॉर्डी खपतात तिथली घेतली असणार. पण ऐकणाऱ्यांनी ती पुढे दंगलीचा नकाशा म्हणून वाचली. सभांमधून हे गाणं वाजू लागलं, आणि काही रेडिओ केंद्रांनी ते लावणं बंद केलं.

मार्थाबाईंना या सगळ्याचा वैताग. मौजेचं गाणं आहे हो, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या. त्यांचा हेतू तोच होता, यात मला शंका नाही. गाण्यात गुप्त निरोप दडलाय म्हणून ओळीन् ओळ कुरतडत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते. आपल्याकडे शाहीर अमर शेख किंवा अण्णाभाऊ गायला उभे राहिले की ते कुणाच्या बाजूचे, हे कुणाला शोधावं लागत नसे. मोटाऊनचं तसं नव्हतं. तिथे खरोखरच काही दडवलेलं नव्हतं. जे होतं ते उघडच होतं: सगळ्यांनी रस्त्यावर या.

आता हे वाक्य त्या वर्षी अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या कानाने ऐकून बघा. आदल्याच वर्षी, १९६३च्या एप्रिलमध्ये, बंदी हुकूम मोडून मोर्चा काढला म्हणून किंग यांना अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये तुरुंगात टाकलं होतं. मे महिन्यात त्याच शहरात शाळकरी मुलं मोर्चाने निघाली, तेव्हा बुल कॉनर या अधिकाऱ्याने त्यांच्यावर कुत्रे सोडले आणि अग्निशमन दलाचे पाइप रोखले. पाण्याचा झोत असा की पोरं फरफटत गेली. ती चित्रं टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिली. म्हणजे डेट्रॉइटमधली पोरं ज्या नळाखाली भिजत होती, तसल्याच नळाचं पाणी बर्मिंगहॅममध्ये पोरांना लोळवत होतं. रस्त्यावर कुणी यायचं, किती जणांनी यायचं आणि आल्यावर काय करायचं, हाच तर त्या दशकातला भांडणाचा मुद्दा होता. तिथे कुणाचीही परवानगी न विचारता रस्त्यावर या, वाटेल ते कपडे घालून या, असं एक काळी मुलगी ठणकावून सांगते, आणि ते गाणं गोऱ्या घरांतही वाजतं, बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढतं. याहून वेगळं राजकारण त्यात कशाला भरायला हवं?

नियतीचा खेळ बघा. २३ जुलै १९६७, रविवार. डेट्रॉइटच्या ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरच्या विनापरवाना बारवर पोलिसांनी पहाटे धाड घातली. आत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी पार्टी चालली होती. सरसकट सगळ्यांना पकडलं, गर्दी जमली, बाटल्या फुटल्या आणि शहर भडकलं. मार्था त्या दिवशी शहरातल्याच फॉक्स थिएटरमध्ये कार्यक्रम करत होती. बाहेर दंगल पेटली आहे, शांतपणे घरी जा, हे प्रेक्षकांना सांगायचं काम तिच्याच वाट्याला आलं. त्या दंगलीत ४३ माणसं मेली, सात हजारांवर पकडली गेली, आणि जॉन्सन यांना लष्कर उतरवावं लागलं.

हे गाणं लिहिणाऱ्या तिघांपैकी मार्विन गे तोवर मोटाऊनचा लाडका प्रेमगीत गायक झाला होता. सख्खा भाऊ व्हिएतनामहून परतला, त्याने पाहिलेलं सगळं घरात बोललं जाऊ लागलं, आणि लाडिक गाणी गे याच्या गळ्यातून निघेनात. १९७१मध्ये त्याने ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणं आणलं. युद्ध, मोर्चे, मारझोड, सगळं त्यात उघडपणे. गॉर्डीला ते बिलकुल पसंत नव्हतं. कंपनीतल्याच लोकांनी त्याच्या अपरोक्ष रेकॉर्ड बाजारात सोडली. ती बघता बघता लाखावर खपली, आणि मग याच गॉर्डीने गे याच्यामागे तगादा लावला: अख्खा अल्बम पाहिजे, आणि लवकर पाहिजे.