गीझरकडे कोण बघतं?

आमच्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब गळायचे. फरशी ओली होते म्हणून मीच प्लंबरला सांगून तिथे बूच बसवून घेतलं! वर्षभराने आलेल्या मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "ताई, पाणी तापलं की फुगतं, तो दाब इथूनच बाहेर पडतो. थर्मोस्टॅट बिघडला असता तर टाकीच फुटली असती!"

टाकी उघडली तर बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा जाड थर! आतली मॅग्नेशियमची कांडीही संपत आलेली. टाकीऐवजी ही कांडी गंजते. ती संपली, की टाकीची पाळी.

बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तर निम्म्या जणी म्हणाल्या, "ते आमचे 'हे' बघतात." अहो, पण रोज पहाटे बटण कोण दाबतं?

मैत्रिणींनो, वर्षातून एकदा टाकी साफ करून कांडी तपासून घ्या. व्हॉल्व्हला नळी लावा, बूच नको. धारच लागली तर मेकॅनिक बोलवा. पाण्याचा किंवा नळाचा शॉक बसला, तर आधी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. दुरुस्ती त्यांनी करू दे. पण काय बिघडलंय, हे आपल्याला कळायलाच हवं.