हा बाजार कोंबड्यांचा कीं रोगाचा ?

आठवड्याचा बाजार म्हटला म्हणजे धान्याची रास, मिरचीचे ढीग आणि कापडवाल्यांचीं पालें एवढींच आमच्या शहरवासी वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ह्याच बाजाराच्या एका टोंकास, जेथें सांवली नाहीं व पाणीहि नाहीं अशा जागीं, आणखी एक बाजार भरत असतो. खेड्यांतून पहांटेस निघालेल्या बायका डालग्यांत किंवा पिशवींत दोन-चार कोंबड्या घालून तेथें येऊन बसतात. गिऱ्हाईक येतें, छाती चांचपतें, पाय धरून उलटी उचलून वजन अजमावतें, आणि अर्ध्या घटकेच्या आंत सौदा उरकतो. कोणी खाण्याकरितां घेतो, कोणी पाळण्याकरितां. कोणी कोंबडा देऊन तलंग घेतो. हा व्यवहार इतका किरकोळ समजला जातो, कीं त्यावर वर्तमानपत्रानें अग्रलेख लिहावा ह्याचेंच कित्येकांस हंसूं येईल. त्यांनीं आधीं हंसून घ्यावें व मग पुढील मजकूर वाचावा, एवढीच आमची विनंति आहे.

प्रथम हा पैसा कोणाचा, हें पाहूं. शेताचा सातबारा बहुधा पुरुषाच्या नांवें असतो, ऊंसाचें बिल त्याच्याच खात्यांत जमा होतें. परंतु कोंबडीचा व अंड्यांचा पैसा पुष्कळ घरांत बाईच्या कनवटीस राहतो. त्यांतून मीठ-तेल येतें, मुलाची वही येते, आणि अडीनडीस दवाखान्याला जाण्याचें भाडें निघतें. म्हणून खुराडें बुडालें तर नुसतीं पांखरें मरत नाहींत. घरांतील एका माणसाच्या हातीं असलेली एकुलती एक मोकळीक मरते.

आमच्या परिचयाच्या एका विधवा बाईंनीं गेल्या उन्हाळ्यांत जवळच्या बाजारांतून तीन तलंगा पाळण्याकरितां घेतल्या व त्याच रात्रीं घरच्या अकरा कोंबड्यांबरोबर कोंडल्या. पांचव्या दिवशीं एकीची मान वांकडी झाली, हिरवट हगवण लागली. आणि पंधरवडा उलटण्याच्या आंत चौदांपैकीं दोन उरल्या. त्या बाई आम्हांस विचारावयास आल्या कीं, विकणाऱ्यावर फिर्याद होईल काय ? विकणारा कोण, हें त्यांस ठाऊक नव्हतें. पावती नव्हती. आम्हीं कायद्याचीं पुस्तकें पुष्कळ चाळलेलीं, पण त्यांच्या प्रश्नास आमच्यापाशीं उपयोगी असें उत्तर नव्हतें. हा लेख त्या लाजेंतून लिहिला आहे.

ह्या रोगास खेड्यांत मानमोडी म्हणतात. शास्त्रांत त्याचें नांव राणीखेत. १९२७ च्या सुमारास हिमालयांतील राणीखेत येथें तो ओळखला गेला, म्हणून आपल्या देशांत हेंच नांव रूढ झालें. तो विषाणूचा रोग असून त्यावर औषध नाहीं. विष्ठा, श्वास, डालगें, पाण्याचें भांडें, इतकेंच काय पण माणसाच्या वहाणा, ह्या सर्वांतून तो पसरतो. आणि सर्वांत घातक गोष्ट ही, कीं रोग शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत कित्येक दिवस जातात. तेवढ्या अवधींत कोंबडी तुरा ताठ ठेवून बाजारांत बसूं शकते, विकली जाऊं शकते, आणि दुसऱ्या गांवीं जाऊन मरूं शकते.

त्याहून वाईट प्रकार बुद्धिपुरस्सर होतो. गांवांत मर सुरू झाली, कीं शहाणा मनुष्य उरलेलीं पांखरें मरण्याच्या आधीं विकून मोकळा होतो, व फिरता व्यापारी तीं अर्ध्या किंमतींत उचलतो. एका गांवचें नुकसान अशा रीतीनें दहा गांवांत वांटलें जातें. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा, ज्यास लोक बर्ड फ्लू म्हणतात, तो ह्या देशांत प्रथम आढळला. त्या वेळीं लाखों पक्षी मारून पुरावे लागले, आणि रोग नवापुरास असतां कोंबडीचा भाव दूरदूरच्या शहरांतहि कोसळला. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें तोच प्रसंग आला. हंसणाऱ्या व्यापारी वाचकांनीं एवढेंच लक्षांत घ्यावें, कीं कोपऱ्यांतल्या बाजाराचा फटका पेढीपर्यंत पोंचतो.

रोगाबरोबर लबाडीहि आहे. रंगीत पिसांचा संकर पक्षी गावठी म्हणून खपतो. काळ्या पिसांचा कोणताहि पक्षी कडकनाथ म्हणून दुप्पट-तिप्पट दरानें गळ्यांत पडतो. मध्यप्रदेशांतील झाबुआकडील खऱ्या कडकनाथाची कातडी, जीभ व मांस हींहि काळीं असतात. अंडें मात्र काळें नसतें. काळें अंडें म्हणून जो दाखवील, त्याच्यापासून दूर राहावें. २०१९ सालीं ह्याच पक्ष्याच्या नांवानें आमच्या दक्षिण महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांची जी फसवणूक झाली, ती कोणी विसरूं नये.

आतां कायदा काय म्हणतो ? १८७२ च्या कराराच्या कायद्यांत सतराव्या कलमाखालीं घोड्याचें एक उदाहरण आहे. लिलांवांत घोडा विकणाऱ्यास त्याची खोड ठाऊक आहे, पण तो गप्प बसतो; हें कपट नव्हे, असें कायदा म्हणतो. मात्र त्याच्याच पुढें दुसरें उदाहरण आहे : तुम्ही नाकारलें नाहीं तर घोडा निरोगी आहे असें मी समजेन, असें घेणारानें म्हटलें, आणि विकणारा गप्प राहिला, तर तें गप्प राहणें बोलण्यासारखेंच. तेव्हां घेणारानें तोंड उघडावें. शिवाय १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें, माल कशासाठीं हवा हें सांगून विकणाऱ्याच्या माहितगारीवर भिस्त ठेवली, तर त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर तो कामास योग्य असण्याची जोखीम पडते. म्हणून “पाळावयास हवी” हे शब्द चार माणसांदेखत उच्चारावे. २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें तर रोगाची खबर देणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे, व रोगी म्हणून ठाऊक असलेलें जनावर बाजारांत आणण्यास मनाई केली आहे. कायदा आहे, बाजारांत तो कोणी पाहिला नाहीं इतकेंच.

कोणी म्हणेल, मग हा बाजारच बंद करा. ह्या मताशीं आम्ही मुळींच सहमत नाहीं. बाजार बंद झाला तर सौदे रस्त्याच्या कडेला होतील, आणि गरीब बाई एकट्या दलालाच्या तोंडाकडे पाहत बसेल. दुसरा कोणी म्हणेल, अडाणी लोकांस हीं शास्त्रें काय कळणार ? ज्या बाईस कोंबडीच्या नुसत्या आवाजावरून ती अंड्यास आली हें कळतें, तिला नवीन पांखरूं तीन आठवडे निराळें ठेवावें हें कळणार नाहीं, असें म्हणणारांचेंच ज्ञान आम्हांस कमी वाटतें. तिला हें आजवर कोणी सांगितलेंच नाहीं, ही खरी गोष्ट आहे.

उपाय थोडे व स्वस्त आहेत. मानमोडीवर औषध नसलें तरी लस आहे : पहिल्या आठवड्यांत पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकांत थेंब, व पुढें सुमारें दोन महिन्यांनीं टोंचणी. अडचण एवढीच, कीं ती कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, थंड ठेवावी लागते, आणि एकदां कालविली म्हणजे तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धनिणीनें ती एकटीनें घ्यावी कशी ? म्हणून गांवानें दिवस ठरवून, पहांटे पांखरें कोंडलेलीं असतांनाच, सर्वांचें लसीकरण एकदम करावें. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका बाजाराच्या दिवशीं पावती फाडण्यास मनुष्य बिनचूक पाठविते. त्याच पैशांतून छप्पर, पाण्याची तोटी, धुतां येईल अशी फरशी आणि महिन्यांतून एकदां तरी पशुवैद्य, एवढें तिनें द्यावें. जोमदार पांखरांपासून मलूल पांखरूं वेगळें बसविण्याची जागा असावी. आणि फिरत्या व्यापाऱ्याचें नांव-गांव एका वहींत लिहिलें जावें. म्हणजे पुढच्या बाईस विकणारा कोण, हें तरी सांगतां येईल.

पाय बांधून उलटीं टांगून पांखरें नेण्याविषयींहि दोन शब्द. १९६० च्या कायद्यानें जनावरांस विनाकारण यातना होतील अशी वाहतूक गुन्हा ठरविली आहे, व त्या कायद्यानें जनावर ह्या शब्दांत मनुष्यावांचून सर्व सजीव घेतले आहेत. दयेची गोष्ट क्षणभर बाजूस ठेविली, तरी तहानलेली व दडपलेली कोंबडी रोगास लौकर बळी पडते, हा हिशेब व्यापाऱ्यास तरी समजावा.

आम्ही स्वराज्य मिळविलें तें दिल्लीच्या दरबारापुरतें नव्हे. जेथें पावती फाडणारा आहे पण पाण्याची तोटी नाहीं, तेथें कारभार आपलाच असूनहि तो परक्यासारखा वागतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येक नगरपालिकेंत बसतात, कित्येक व्यापारी मंडळांत. येत्या बाजारच्या दिवशीं त्यांनीं धान्याच्या राशीवरून पुढें शंभर पावलें चालून जावें, त्या कोपऱ्यांत दहा मिनिटें उन्हांत उभें राहावें, आणि मग पुढच्या सभेंत काय बोलावयाचें तें ठरवावें.