रकान्याबाहेर राहिलेली मुलं

ऑक्टोबरमधला पहिला गुरुवार, जानेवारीतला तिसरा आणि मे महिन्यातला तिसरा. या तीन दिवशी इंग्लंडमधल्या सरकारी शाळांच्या कार्यालयात दुसरं काही सुचत नाही. त्या दिवशी पटावर असलेल्या प्रत्येक मुलाची माहिती लंडनच्या शिक्षण खात्याकडे जाते. इथे त्याला ‘स्कूल सेन्सस’ म्हणतात. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची पद्धत निराळी आहे.) नाव, जन्मतारीख, पत्ता, हजेरी हे तर असतंच. पण मुलाला विशेष शैक्षणिक मदत चालू आहे का, ते मोफत जेवणाला पात्र आहे का, त्याची पहिली भाषा कोणती, हेही विचारलेलं असतं. मी एका प्राथमिक शाळेत हे रकाने भरण्याचं काम करते. मराठी मंडळींत ऊठबस असल्याने ओळखीचे आई-बाबा या फॉर्मांबद्दल मलाच विचारतात. त्यांचं ऐकून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे: आपली मुलं पटावर असतात, रकान्यांत नसतात.

भाषेचा रकाना घ्या. खात्याच्या यादीत मराठीची वेगळी नोंद आहे, कोकणीचीही आहे. नियम असा की, मूल तान्हेपणापासून जी भाषा ऐकत वाढलं आणि घरात किंवा आपल्या माणसांत जी अजूनही त्याच्या कानावर पडते, ती त्याची पहिली भाषा. इंग्रजीच्या जोडीने दुसरी भाषा असेल तर ती दुसरीच लिहायची, मग मूल इंग्रजी कितीही सफाईने बोलो. या रकान्यात इंग्रजीची परीक्षा नाही. तरीही घरात दिवसभर मराठी बोलणारे आई-बाबा तिथे ‘इंग्लिश’ लिहितात. ‘मराठी लिहिलं तर कच्च्या मुलांच्या गटात बसवतील’ असं एका बाबांनी मला स्पष्टच सांगितलं. त्यांना दोष देववत नाही. मुलाला इंग्रजी शाळेत घालण्यासाठी स्वतःच्या भाषेबद्दल अवघडून बसण्याची सवय आपण पुण्या-मुंबईहूनच सोबत आणलेली असते.

या एका शब्दाने नुकसान होतं ते त्या मुलाचं. इंग्लंडच्या शाळेत नव्याने आलेल्या, घरी दुसरी भाषा असलेल्या मुलासाठी पहिली तीन वर्षं निधीच्या सूत्रात जादा रक्कम धरलेली असते. सात वर्षांचं मूल नाशिकहून थेट इथे आलं आणि कागदावर ‘इंग्लिश’ पडलं, तर ती रक्कम धरलीच जात नाही. पैशापेक्षाही मोठी अडचण पुढे येते. ते मूल वर्गात गप्प बसलं की बाई कारण शोधू लागतात, आणि भाषेचा रकाना सांगतो की भाषेची अडचण नाही. मग शोध भलत्याच दिशेला जातो. घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, एवढ्याच कारणाने मुलाला शिकण्यात अडचण आहे असं मानायचं नाही, हे 2014 च्या ‘चिल्ड्रेन अँड फॅमिलीज ॲक्ट’मध्ये लिहून ठेवलं आहे. पण त्या कलमाचा आधार मिळायला घरी मराठी आहे हे शाळेला कळायला हवं ना!

विशेष गरजांच्या रकान्याजवळ आलं की आई-बाबांचा आवाजच बदलतो. जानेवारी 2025 च्या गणतीत इंग्लंडमधल्या 14.2 टक्के मुलांना शाळेच्या पातळीवरची विशेष मदत चालू होती आणि आणखी 5.3 टक्के मुलांकडे ‘ईएचसी प्लॅन’ होता, म्हणजे स्थानिक परिषदेने कायद्याने बांधून घेतलेला मदतीचा आराखडा. साधारण पाचातलं एक मूल. इतकी सामान्य गोष्ट आपल्या घरांत मात्र कुजबुजत बोलली जाते. ‘आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात.’ ‘जरा चंचल आहे, एवढंच.’ ‘दाखल्यावर येईल का हे? भारतात परत गेलो तर?’ शाळा तिच्या पातळीवरची मदत सुरू करते तेव्हा पालकांना कळवणं तिला बंधनकारक असतं. त्या बैठकीला आई एकटी येते, आजी-आजोबांना फोनवर काही सांगायचं नाही असं ठरतं आणि हळूहळू विषय मागे टाकला जातो. ‘ईएचसी प्लॅन’ वीस आठवड्यांत हातात पडावा असा नियम आहे, पण 2024 मध्ये निम्म्याहून कमी प्लॅन त्या मुदतीत झाले. त्या रांगेत दोन वर्षं उशिरा उभं राहिलेल्या मुलाची ती दोन वर्षं कोण भरून देणार?

शिक्क्याची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. या देशात तो शिक्का बसलेला आहे. 1971 मध्ये बर्नार्ड कोर्ड या ग्रेनेडाच्या शिक्षकाने एक छोटी पुस्तिका लिहिली. वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांची मुलं ‘शैक्षणिकदृष्ट्या सामान्याहून कमी’ ठरवून वेगळ्या शाळांत किती मोठ्या प्रमाणात घातली जात होती, ते त्याने दाखवलं. दाखवलं कशाच्या आधाराने, तर लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाच्याच आकड्यांच्या. ज्या नोंदींनी ती मुलं बाजूला काढली, त्याच नोंदींनी अन्याय चव्हाट्यावर आणला. लंडनच्या साउथॉलमध्ये साठच्या दशकापासून पंजाबी मुलांना बसमध्ये बसवून लांबच्या शाळांत पाठवत, एका शाळेत ती फार होऊ नयेत म्हणून. स्थलांतरितांची मुलं मोजणारा सरकारी फॉर्म तेव्हा दरवर्षी भरला जाई. 1973 मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी तो बंद केला. अलीकडची गोष्ट 2016 ची. शाळागणतीत मुलांचं राष्ट्रीयत्व आणि जन्मदेश विचारायला सुरुवात झाली. शिक्षण खातं गृहखात्याला काही मुलांचे पत्ते देत असल्याचंही उघड झालं. पालकांनी आणि शिक्षकांनी बहिष्काराची हाक दिली आणि 2018 मध्ये ते दोन्ही प्रश्न काढून टाकावे लागले. तेव्हा ‘ही माहिती कशासाठी?’ असं विचारणारा पालक मला आगाऊ वाटत नाही. त्याने विचारलंच पाहिजे. फक्त विचारून झाल्यावर भाषेचा आणि मदतीचा रकाना खरा भरावा, कारण तो त्याच्या मुलाच्या उपयोगाचा आहे.

मोफत जेवणाचा रकाना तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. पहिल्या तीन इयत्तांच्या सगळ्या मुलांना 2014 पासून शाळेत फुकट जेवण मिळतं, लंडनमध्ये 2023 पासून प्राथमिकच्या सगळ्याच मुलांना. जेवण मिळतंच आहे तर फॉर्म कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण कमी उत्पन्नामुळे पात्र असलेल्या मुलाची वेगळी नोंद झाली तरच शाळेला ‘प्युपिल प्रीमियम’ मिळतो: 2025-26 साठी प्राथमिकच्या मुलामागे 1,515 पौंड. त्यातून शाळा जादा शिकवणी लावते, वाचनाला मदतनीस ठेवते. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता घेणारी सगळी कुटुंबं सप्टेंबर 2026 पासून पात्र ठरतील असं सरकारने 2025 मध्ये जाहीर केलं. व्हिसावर ‘सरकारी निधीचा हक्क नाही’ असं लिहिलेल्या, वृद्धांच्या सेवेसारख्या कामात थोड्या पगारावर राबणाऱ्या कुटुंबांनाही उत्पन्नाच्या आणि बचतीच्या अटीत बसल्यास हे जेवण मिळू शकतं. व्हिसाच्या नियमांत ज्याला सरकारी निधी म्हणतात, त्यात शाळेचं जेवण धरलेलंच नाही. हे एक वाक्य मी किती आयांना सांगितलं असेल! दरवेळी आधी अविश्वास, मग सुटकेचा निःश्वास.

महाराष्ट्रात ऑक्टोबर 2011 मध्ये झालेली पटपडताळणी अनेकांना आठवत असेल. अनुदानासाठी पटावर चढवलेली, वर्गात मात्र कुठेच नसलेली मुलं तेव्हा सापडली. आता ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या सरकारी प्रणालींच्या नोंदी भरताना तिथले शिक्षक मेटाकुटीला येतात, याचीही मला कल्पना आहे. इथल्या मराठी घरांची गोष्ट नेमकी उलटी आहे. मूल वर्गात आहे, डबा घेऊन रोज येतंय, धडपडतंय. कागदावर त्याची धडपड नाही. मला यात राग येतो तो आई-बाबांचा नाही, तर त्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही याचा. प्रवेशाच्या दिवशी वीस पानांचा गठ्ठा हातात ठेवून ‘सह्या करा’ म्हटलं की कोण काय वाचणार?

पुढच्या वर्षीच्या निधीचा हिशेब ऑक्टोबरच्या गणतीवरून होतो. म्हणून शाळा उघडल्यावर सप्टेंबरमध्येच कार्यालयात जा आणि आपल्या मुलाच्या नोंदी बघायला मागा. तो तुमचा हक्क आहे. परिषदेच्या अखत्यारीतल्या शाळेने लेखी मागणीनंतर शाळेच्या कामाच्या पंधरा दिवसांत मुलाचं दफ्तर पालकांना दाखवायचं असतं, आणि परिषदेच्या अखत्यारीबाहेरच्या अकॅडमी शाळांकडून माहिती-संरक्षण कायद्याखाली ते मागता येतं. पहिल्या भाषेसमोर ‘इंग्लिश’ असेल तर तिथेच बदलून घ्या. त्यासाठी कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, पालकाचा शब्द पुरतो.