शहाणपण आणि शहाणपणा

मराठीत 'शहाणपण' हा गुण आहे आणि 'शहाणपणा' हा बहुतेक वेळा अपराध आहे. एका कान्याने एवढा फरक पडावा ही गंमत व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही, ती घरात सापडते. 'पोराला जरा शहाणपण शिकव' असे जी आजी म्हणते तीच पाच मिनिटांनी 'जास्ती शहाणपणा करू नको' असेही म्हणते. न रडणारे, सांगितलेले ऐकणारे ते 'शहाणं बाळ'. तेच बाळ मोठे होऊन उलट प्रश्न विचारू लागले की 'मोठा शहाणा लागून गेलास'. एका माणसात शहाणपणाचे माप दीड भरले तर ती शिवी होते. चौघांत मिळून साडेतीन भरले तर मात्र इतिहास होतो.

या शब्दांच्या मुळाशी थोडे थांबावे असे वाटते. 'हुशार' फारसीतून आला. त्यात 'होश' आहे. हुशार म्हणजे शुद्धीवर असलेला, जागा, सावध. 'शहाणा' या शब्दाचा संबंध 'सज्ञान' शब्दाशी लावला जातो. आज 'सज्ञान' हा कायद्याचा शब्द झाला आहे, अठरा वर्षे पूर्ण झाली की तो कोणालाही लागू होतो. आपल्याकडे मुलगी वयात आली की 'शहाणी झाली' म्हणत, काही घरांत अजून म्हणतात. म्हणजे या शब्दाला वय आहे, जाण येण्याचा काळ आहे. या दोन्ही शब्दांत वेग कुठेच नाही. तो आला तिसऱ्या शब्दाबरोबर. 'स्मार्ट' मराठीत आला तो आधी दिसण्यापुरता, वधूवरांच्या जाहिरातींतून. मग फोन स्मार्ट झाले, फळे स्मार्ट झाले, २०१५ नंतर तर शहरेही स्मार्ट करण्याची योजना आली. फोनला स्मार्ट म्हणतात, कारण विचारले की तो लगेच उत्तर देतो. माणसाच्या बाबतीतही आपण नकळत तेच माप वापरू लागलो आहोत की काय, अशी मला शंका आहे, आणि त्या शंकेला एक खासगी कारण आहे. त्याकडे येतेच.

आधी साडेतीन शहाण्यांविषयी. पुण्याचे सखारामबापू बोकील, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे तीन, आणि अर्धे नाना फडणवीस. नाना अर्धे का, याचे सर्वांना ठाऊक असलेले उत्तर असे की ते तलवारीचे नव्हते. या उत्तरावर आपण हसतो आणि पुढे जातो. पण नानांची बुद्धी बाकीच्या तिघांपेक्षा निम्मी होती असे तर कोणीच म्हणत नाही. अर्धे शहाणपण कापले गेले ते मोजणाऱ्याच्या गरजेमुळे. त्या काळाला लेखणी आणि तलवार दोन्ही चालवणारा कारभारी हवा होता. आणि पूर्ण शहाण्यांचे काय झाले? विठ्ठल सुंदर १७६३ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच मराठवाड्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला, लढाईत मारला गेला. बापू शेवटी कैदेत वारले. धोरणीपणाला शहाणपण म्हणायचे असेल तर म्हणावे. पण ते माप दरबाराचे होते, एवढे लक्षात असू द्यावे.

आमच्या महाविद्यालयीन दरबाराचे माप टक्क्यांचे. दहावीला बरे टक्के पडले की पोरगे विज्ञानाला जाते, उरलेली कलेला येतात, आणि कलेतही ज्यांना काही सुचत नाही ती मराठीला येतात, असा सर्वांचा समज. एकदा एक वडील मला अगदी आदराने म्हणाले, "मॅडम, पोरगं तसं हुशार आहे हो, पण मराठीच घेतो म्हणतंय." त्या 'पण'ची सवय आम्हा मराठीच्या मास्तरांना असते. त्याचा एक विपरीत परिणामही होतो. मराठीच्या वर्गात कोणी हुशार सापडले की आम्ही त्याला जरा जास्तच जपतो. हुशार म्हणजे काय? जो आमच्यासारखे बोलतो तो. 'आशयसूत्र', 'संवेदनस्वभाव', 'जीवनजाणीव' हे शब्द जागच्या जागी ठेवतो तो.

किनवटमध्ये हे माप विशेष चुकते. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. पैनगंगेचा काठ, सागाचे जंगल, तांडे, गोंडांची गावे, कोलामांचे पोड. इथल्या बाजारात तासभर उभे राहिले तर मराठी, दखनी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी एवढे तर सहज कानावर पडते. माझ्या वर्गातला एखादा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, मित्रांशी दखनी, आदिलाबादला गेला की तेलुगूत भाव करतो, आणि माझ्यापुढे उभा राहून प्रमाण मराठीत अडखळतो. त्याच्या चार भाषांपैकी मला दिसते ती फक्त अडखळणारी. मी शेरा लिहिते : अभिव्यक्ती दुबळी.

आता ते खासगी कारण. काही वर्षांपूर्वी मी पदवीच्या वर्गाला लीळाचरित्र शिकवीत होते. माहूर इथून पन्नासेक किलोमीटरवर. महानुभावांच्या दृष्टीने ते महत्त्वाचे स्थान, त्यामुळे विषयाला थोडी जवळीक असते. मी मुलांना प्रकल्प दिला : आपले गाव किंवा तांडा कसा वसला, याची घरातल्या वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन लिहून आणा. वीस गुण. वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीने अठरा पाने आणली. सुरेख अक्षर, प्रस्तावना, उपशीर्षके, समारोप, आणि बरीचशी माहिती छापील पुस्तकातून. मी सतरा गुण दिले. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलाने दीड पान आणले. त्यात होते ते असे : आजी म्हणते, बैल एका जागी बसले ते उठेनात, म्हणून तिथेच मुक्काम पडला. चुलते म्हणतात, तसे काही नाही, निजामाच्या काळात पाटलाने मजुरीला माणसे हवी म्हणून आणून बसवले. आजीची बहीण म्हणाली, मी तेव्हा लहान होते, मला ठाऊक नाही. आजीला चुलत्याचे सांगितले तर ती रागावली. बस्. पान संपले. मी खाली लाल शाईने लिहिले, 'निष्कर्ष नाही', आणि नऊ गुण दिले.

त्याच आठवड्यात मी त्याच वर्गात म्हाइंभटांची लेखनपद्धती शिकवली. ती शिकवताना माझ्या काहीही लक्षात आले नाही, हे मला आज सांगायचे आहे.

वाचकांपैकी बहुतेकांना म्हाइंभट परिचित आहेत, तरी थोडे सांगते. ते शास्त्रांत पारंगत असे पंडित होते. चक्रधरांकडे ते आले तेच मुळी विद्वत्तेचा ताठा घेऊन, वाद करायला. पुढे चक्रधर गेल्यावर या पंडिताने काय केले? सिद्धांतग्रंथ लिहिला असता तर तो त्यांच्या अधिकाराला शोभलाच असता. त्याऐवजी तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात ते ज्याने चक्रधरांना पाहिले होते, ऐकले होते त्याच्याकडे गावोगाव गेले, त्याच्या आठवणी त्याच्या बोलीत टिपून घेतल्या, आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. कोणी सांगितले, कुठे घडले, कोणाला निराळे आठवते, हे जपण्याची शिस्त त्या ग्रंथात आणि त्याच्या पाठपरंपरेत आहे. 'वासना' आणि 'शोध' म्हणून येणाऱ्या नोंदी पाहाव्यात. मूळ प्रत पुढे धामधुमीत गेली, तेव्हा शिष्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, आणि त्यातला एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली संपादित केलेली प्रत हाताशी असेल तर ती केवळ पाठांतरांसाठी एकदा चाळावी. तिथे निष्कर्षाची घाई नाही.

याच परंपरेतला केशोबासांचा प्रसंग आपण सारे 'मराठीचा अभिमान' या शीर्षकाखाली शिकवतो. विद्वान शिष्याला ग्रंथरचना संस्कृतात करायची आहे आणि नागदेवाचार्य त्याला थांबवतात, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. यात भाषाभिमान आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, तिथे एका हुशार माणसाला विचारले जात आहे की तुझी हुशारी कोणाला खोलीबाहेर ठेवते.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना तर्काची कोडी घातली होती. त्यातले प्रसिद्ध असे : अतिउत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सर्व अस्वले पांढरी असतात; अमुक ठिकाण अतिउत्तरेला आहे; तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? निरक्षर शेतकऱ्यांपैकी काहींनी उत्तरच दिले नाही. आम्ही तिथे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा, असा त्यांचा सूर होता. लुरियाने यातून असा अर्थ काढला की शाळा आणि नवे सामूहिक जीवन यांचा स्पर्श झाल्याशिवाय विचार प्रत्यक्षापासून सुटा होत नाही. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही ते पटले होते. आज त्या शेतकऱ्याच्या नकारात मला दुसरेही काही ऐकू येते. न पाहिलेल्याविषयी बोलायचे नाही, ही त्याच्या समाजात साक्षीची रीत असू शकते. आजीची बहीणही तेच म्हणाली होती.

पण इथे मला स्वतःला आवरावे लागते. अशिक्षित तेवढा शहाणा आणि शिकलेला तेवढा मूर्ख, असे म्हणण्याचा एक भाबडा मोह आपल्या साहित्यात पुरेसा आहे, ग्रामीण कथांत तर फारच. तो खोटा आहे. अस्वलांचे कोडे सोडवता न येणाऱ्या माणसाला बँकेचा कागद, न्यायालयाची नोटीस, व्याजाचे गणित यांत कोणीही फसवू शकतो. किनवटच्या जंगलपट्ट्यात फसवणूक कशी होते हे इथल्या लोकांना विचारावे. 'असे मानू या' म्हणून विचार करता येणे ही फार मोठी शक्ती आहे आणि ती शिकवण्यासाठीच मला पगार मिळतो. म्हाइंभटही अडाणी नव्हते. तर्कशास्त्र मुरलेल्या माणसालाच दोन आठवणी नेमक्या कुठे विसंगत आहेत हे कळते. ते कळूनही त्यांतली एक खोडून न टाकणे हे त्यापुढचे काम. तल्लखपणा अंगी असावा, आणि समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून होईपर्यंत तो बाजूला ठेवता यावा. मी ज्याला शहाणपण म्हणते ते एवढेच आहे, आणि ते मला त्या आठवड्यात जमले नाही. माझा झाला तो शहाणपणा.

त्या मुलाने दीड पानात काय केले होते? त्याने आजीला प्रिय असलेली कथा लिहिली, आणि ती मोडणारी चुलत्याची कथाही लिहिली. दोघांपैकी कोणाचीही बाजू घेतली नाही. तांडा दैवाने वसला की मजुरीसाठी वसवला, हा साधा प्रश्न नाही; त्यात त्या घराचा मान अडकलेला आहे, म्हणून तर आजी रागावली. तो रागही त्याने टिपला. 'ठाऊक नाही' हे उत्तरसुद्धा उत्तर म्हणून नोंदवले. पहिल्या क्रमांकाच्या मुलीच्या अठरा पानांत 'ठाऊक नाही' असे एकदाही आलेले नव्हते. तिचा दोष नाही. तसे लिहिले तर गुण जातात, हे आम्हीच तिला दहा वर्षे शिकवले आहे.

कागद परत दिले तेव्हा तो मुलगा माझ्या टेबलाशी आला होता. भांडायला नव्हे, इकडे कोणी मास्तरांशी गुणांसाठी भांडत नाही. त्याने विचारले, "मॅडम, दोघांपैकी कोणाचं खरं धरायचं होतं?" मी म्हणाले, "तुला पटेल ते धरून समारोप करायचा." तो बरं म्हणाला आणि गेला. पुढे पदवी घेऊन तो बाहेर पडला, आणि त्याचे नऊ गुण गुणपत्रकाच्या बेरजेत कायमचे मिसळून गेले.

प्रकल्प मी अजून देते. अंतर्गत मूल्यमापनाचा जो तक्ता मी वापरते त्यात 'निष्कर्ष' असा रकाना आहे, त्याला पाच गुण आहेत. यंदाचे कागद टेबलावर पडले आहेत. काल रात्री त्यातला एक वाचला. मुलीने आजोबांना तीनदा विचारले, तिन्ही वेळा त्यांनी निराळे सांगितले, आणि तिने तिन्ही तारखा घालून ते उतरवून ठेवले आहे. 'निष्कर्ष'चा रकाना मी अजून भरलेला नाही.