कोपीवरची डिश : गाव बदलले तरी चित्र कसे येईल?



ऊसतोडीला गेलेल्या एका भगिनीने आपली अडचण कळविली आहे. बीड जिल्ह्यातील घरी त्यांची फ्रीडिश व्यवस्थित चालत होती. कोल्हापूरकडे जाताना ती ट्रॉलीत घालून नेली. मुलगी सातवीत आहे, शाळेत खंड पडतोच, निदान टीव्हीवरचे अभ्यासाचे पाठ तरी तिला दिसावेत, ही इच्छा. पण कोपीवर डिश लावली तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. मेकॅनिक आला, पाच मिनिटे डिश फिरवली आणि दोनशे रुपये घेऊन गेला. पुढच्या महिन्यात टोळी दुसऱ्या फडावर हलली आणि पुन्हा तेच! ज्या फ्रीडिशला महिन्याचे भाडे नाही, तिच्यावर असा खर्च का करावा? हे काम घरातल्या कोणालाही जमते.

प्रथम एक गैरसमज काढून टाकू. पूर्वी दूरदर्शनचा अँटेना जितका उंच, तितके चित्र स्वच्छ, असा अनुभव होता. ते प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येई. डिशचे तसे नाही. तिचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच, आपल्या आग्नेयेला आहे. तेव्हा काठी उंच करून उपयोग नाही. डिश कमरेइतक्या उंचीवर असली तरी चालते. मात्र आग्नेयेच्या आकाशात झाड किंवा भिंत आड येऊ नये.

मग गाव बदलल्यावर चित्र का जाते? बीडहून कोल्हापूरला गेल्यावर उपग्रहाची दिशा सुमारे सहा अंशांनी पूर्वेकडे सरकते. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे हा फरक अर्ध्या मुठीहून थोडा जास्त. लहान डिशला एवढी चूकही चालत नाही. पण उपग्रहाची उंची दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, सुमारे ६० अंश असते. म्हणून डिशचा वर-खाली करण्याचा बोल्ट सोडू नका. फक्त बाजूला फिरवा. निम्मे काम तिथेच वाचते.

आता क्रमाने पाहू.

१) निघण्यापूर्वी वर-खालीच्या बोल्टजवळ रंगाची खूण करा. डिश काढताना पाइपाला आवळलेला बोल्ट तेवढा सोडा.

२) पाइप ट्रॉलीला बांधू नका, ती हलते. माती-दगड भरलेल्या डब्यात किंवा जमिनीत पाइप घट्ट रोवा. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा आणि पाइप दोन बाजूंनी सरळ आहे का पाहा. पाइप कलला तर आधीची खूण निरुपयोगी ठरते.

३) दिशा अशी ओळखा. डिसेंबरात सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य ज्या बाजूला असतो, तीच उपग्रहाची बाजू. फक्त उपग्रह सूर्याच्या दुप्पट उंचीवर असतो. काठी रोवून सावली पाहा आणि सावलीच्या उलट दिशेला डिशचे तोंड करा. मोबाइलचे होकायंत्र वापरायचे तर ट्रॅक्टर आणि लोखंडापासून दूर उभे राहा. डिश वाजवीपेक्षा उभी दिसली तरी घाबरू नका, तिची घडणच तशी असते.

४) एकाने बॉक्सवर सिग्नलचा पडदा उघडून ‘क्वालिटी’ वाचावी. ‘स्ट्रेंग्थ’ उपग्रह सापडला नसतानाही दिसते, तिच्यावर जाऊ नका. दुसऱ्याने डिश बोटभर फिरवावी, चार-पाच सेकंद थांबावे, मग पुन्हा बोटभर. क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे बोल्ट आवळा. शेवटी दांड्याच्या टोकाचा एलएनबी किंचित फिरवून पाहा.

५) तरीही चित्र नसेल तर केबलचे टोक तपासा. मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना लागता कामा नयेत. बाहेरच्या जोडात पाणी शिरू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळा.

काही वाहिन्याच दिसत नसतील तर डिशला दोष देऊ नका. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ वाहिन्या येत नाहीत. जोरदार पावसात चित्र गेले तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा, बोल्टला हात लावू नका.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. पाइप विजेच्या तारेजवळ उभा करू नका आणि आकाशात वीज चमकू लागली की बॉक्सची केबल व प्लग दोन्ही काढून ठेवा. टीव्हीसाठी तारेवर आकडा तर मुळीच टाकू नका. त्यात जीव जातो.

भगिनींनो, हे काम मुलीलाच शिकवा. साडेनऊला आई-बाप फडात असतात, सावली पाहायला तीच कोपीवर असते. पुढच्या फडावर मेकॅनिकची वाट पाहावी लागणार नाही आणि वाचलेल्या दोनशे रुपयांत तिच्या वह्या येतील.