भूक मारणारी तंबाखू आणि पोषणाच्या दोन फायली

नोएडात आमच्या वसाहतीसमोर एका टोलेजंग इमारतीचे काम चालू आहे. तेथे विटा वाहणारी एक गर्भवती मजूर स्त्री दुपारच्या सुट्टीत भाकरीऐवजी दातांना गुल घासताना दिसली. न राहवून विचारले, तेव्हा म्हणाली, ‘बाबूजी, याने भूक मरते.’ सेवाकाळात पोषणावरील टिपणे मी पुष्कळ वाचली आणि लिहिलीही. पण या तीन शब्दांइतके नेमके निदान त्यांत क्वचितच आढळले.

स्त्रिया आणि तंबाखू हा आपल्याकडे धूम्रपानाचा प्रश्न मुख्यतः नाहीच. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील 2 टक्के स्त्रिया धूम्रपान करतात. धूररहित तंबाखू मात्र 12.8 टक्के स्त्रिया वापरतात. उत्तरेत गुल आणि खैनी, महाराष्ट्रात तव्यावर भाजलेली मशेरी. दात घासण्याच्या नावाखाली ती घरात वावरते, म्हणून ती व्यसन वाटतच नाही. दुसरीकडे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 53.1 टक्के होते.

या दोन गोष्टी एकाच देहात भेटतात तेव्हा काय होते, याचा पुरावा मुंबईतच आहे. 1,217 गर्भवतींच्या पाहणीवर आधारित, 2004 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आणि गर्भकाल सुमारे सहा दिवसांनी अल्प आढळला. मुळातच कमी वजनाची बाळे जन्मणाऱ्या वस्तीत 105 ग्रॅम ही किरकोळ तूट नव्हे.

तरीही शासनदरबारी या गोष्टी वेगवेगळ्या फायलींत आहेत. पोषण अभियान महिला व बालविकास मंत्रालयाकडे, तंबाखू नियंत्रण आरोग्य मंत्रालयाकडे. एक फाइल आहार मोजते, दुसरी इशाऱ्याची चित्रे छापून घेते. उपाशीपोटी तंबाखूचा आधार घेणारी स्त्री दोहोंच्या मधल्या फटीत हरवते. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट वस्त्यांतही महागडे अन्न आणि तंबाखूचे व्यसन एकाच घरात नांदतात. त्यामुळे हा दोष केवळ आपल्या कारभाराचा आहे, असे नाही.

बंदीने हे सुटेल, असे मानणाऱ्यांनी इतिहास पाहावा. विजापूरहून असद बेगाने अकबराच्या दरबारात तंबाखू नेली; 1617 मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. बंदी विस्मरणात गेली, तंबाखू राहिली. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. पण मशेरी घरच्या तव्यावर होते, तेथे निरीक्षक पोहोचत नाही.

तेथे पोहोचू शकते ती आशा कार्यकर्ती. प्रत्येक गर्भवतीला प्रत्येक तपासणीच्या वेळी तंबाखूविषयी विचारावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच केली आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. लोहाच्या गोळ्या देतानाच हा प्रश्न विचारण्यास वेगळा निधी लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि विचारण्यातला जिव्हाळा. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतून चालणाऱ्या तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेची माहितीही तेव्हाच देता येईल. मात्र उत्तर ‘हो’ आले म्हणून कोणाचाही मातृत्वलाभ अडता कामा नये. शिक्षेच्या भीतीने सत्य लपते आणि लपलेल्या सत्यावर धोरण उभे राहत नाही.

आणि त्याच वेळी गरम, पोटभर जेवण बांधकामाच्या जागेपर्यंत गेले पाहिजे. ज्या स्त्रीला भूक मारावी लागते, तिला ‘तंबाखू सोड’ हे सांगण्याचा अधिकार आपल्याला तिच्यापुढे ताट ठेवल्यानंतरच मिळतो.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)